अवजारांसकट

शिडीच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते :
तीनशे पौंड. माणूस, अवजारांसकट.
अकरा वर्षं ती कुणी वाचली नव्हती.
मग शेजारच्या काउंटीत एक पायरी मोडली,
माणूस वाचला, विमा कंपनी जागी झाली,
आणि केंटकीतल्या आमच्या टेलिफोनच्या डेपोत
सोमवारी सकाळी वजनकाटा आला.

पार्सलं तोलायचाच काटा तो.
गोदामातून ओढत आणला, वर रबरी पायपुसणं टाकलं.
आकडे मी लिहायचे असं ठरलं,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि मी खांबावर चढत नाही.

ऑरविल कॉम्ब्स बूट काढून उभा राहिला,
चर्चमध्ये राहतो तसा.
दोनशे एक्क्याण्णव.
"बसलो की," तो म्हणाला.
मी त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघितलं.
पट्टा सव्वीस पौंडांचा.

मुख्य कचेरीचं पत्र फार मऊ होतं.
तुमच्या तब्येतीची आम्हाला काळजी आहे.
सोबत पावलं मोजणारी मनगटी यंत्रं,
जेवणाच्या खोलीत टोपलीभर सफरचंदं,
आणि सगळ्यात जास्त चालेल त्याला बक्षीस :
मांस भाजायची शेगडी.
(डार्लाने यंत्र कुत्र्याच्या गळ्यात बांधलं.
शेगडी तिच्याकडेच आहे.)
सोड्याचं यंत्र जागचं हललं नाही,
त्याचा करार अजून दोन वर्षांचा.
जेवणाची सुट्टी वीसच मिनिटं,
आणि त्या डोंगरवाटांवर वीस मिनिटांत जे मिळतं
ते पेट्रोलपंपावर मिळतं,
कागदात गुंडाळलेलं,
एका हाताने खाता येईल असं.

पत्राची शेवटची ओळ मात्र मऊ नव्हती :
नव्वद दिवसांत आकडा उतरला नाही तर
बिनपगारी रजा.
ज्यांचं पोट हातावर
त्यांच्या पोटाला फीत लावायला निघाले होते.

ऑरविलने सफरचंदं खाल्ली.
रात्री शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या, गुडघा सुजेपर्यंत.
चार पौंड गेले, थँक्सगिव्हिंगला पाच आले.
मग त्याने हातोडी गाडीत ठेवली.
पुढच्या सोमवारी बॅटरी. मग मोठी पक्कड, पाण्याची बाटली.
मग एकदा हळूच सुरक्षेचा दोर सोडला
आणि माझ्याकडे न बघता काट्यावर चढला.
दोनशे नव्व्याण्णव.
मी लिहिलं.
माझं अक्षर बरं आहे.

फेब्रुवारीत बर्फाने तारा पाडल्या.
माणसं कमी पडली म्हणून मीही त्याच्या गाडीत.
दरीच्या टोकाला स्टॅम्परबाईंचं घर,
नाकात नळी, फोन तीन दिवस मुका.
ऑरविल चढला, जवळजवळ रिकाम्या कमरेने.
वरून ओरडला, "पक्कड."
मी दोरीला बांधली, त्याने ओढून घेतली.
"बॅटरी." ओढून घेतली.
"हातोडी."
"तो सुरक्षेचा दोरही पाठव आता, वारा आहे."
शिडी एकदा कुरकुरली, पायरीवरचा बर्फ माझ्या कपाळावर पडला.
वर किती पौंड झाले होते, मला बेरीज येते.
मी केली नाही.
घरात घंटा वाजली,
आणि बंद खिडकीमागून म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी
पुन्हा पुन्हा "हॅलो" म्हणत राहिलं.

परत आल्यावर, डेपोत कुणी नसताना,
मी काट्यावर उभी राहिले.
दोनशे अठ्ठावीस, कोटासकट.
मला कुणी विचारलं नव्हतं.
खुर्चीला चिठ्ठी नसते.

मग कॅटलॉग काढला.
एकतिसाव्या पानावर आहे :
पावणेचारशे पौंडांची शिडी,
आमच्या शिडीपेक्षा नव्वद डॉलरने महाग.
मागणीपत्र भरलं, सुवाच्य अक्षरात, नऊ नग.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : माणसं, अवजारांसकट.

तीन आठवड्यांनी ट्रक आला.
मी पावतीवर सही केली
आणि खोकं उघडलं.
सफरचंदं.
या वेळी हिरवी.